पार्वतीशेजारची सखी

मैत्रिणींनो, हरतालिकेच्या मूर्ती तुम्ही किती आणता? दोन, नाही का? वीतभरसुद्धा उंच नसलेल्या, लाल-हिरव्या लुगड्यातल्या, डोळे जरा मोठेच रंगवलेल्या त्या दोन बाया भाद्रपद लागायच्या आधीच आमच्या पुण्यात मंडईजवळ आणि तुळशीबागेच्या तोंडाशी टोपल्यांतून येऊन बसतात. एकच मागा, विकणारी देणार नाही. "जोडी आहे ती ताई, फोडून कशी देऊ?" म्हणेल. जोडी म्हटल्यावर एखाद्या नवख्या माणसाला वाटेल, एक शंकर आणि एक पार्वती. तसं नसतं. एक पार्वती आणि दुसरी तिची मैत्रीण. शंकराची मूर्ती आणायचीच नसते. त्याची पिंड आपण घरी ओल्या वाळूची करायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पाण्यात विरघळूनही जायची.

पन्नासहून अधिक वर्षं झाली, मी ही पूजा करते आहे. लग्नाआधी "चांगला नवरा मिळू दे" म्हणून आणि लग्नानंतर "मिळाला तो राहू दे" म्हणून. पण त्या दुसऱ्या मूर्तीला मी हळदकुंकू वाहायची ते पार्वतीला वाहून बोटांना उरलेलं, तेवढंच. तिच्याकडे नीट पाहायची नाही. खरं सांगायचं तर पाहायचा धीर व्हायचा नाही. का, ते सांगणार आहे. पण आधी कहाणी सांगू द्या. तुम्हांला ती पाठ असेल, तरी पोथी वाचणाऱ्या काकूंचा सूर लागला की आपण किती ऐकतो आणि किती वेळा मनात उद्याच्या नारळांचा हिशेब करतो, हे आपलं आपल्याला ठाऊक!

हिमालयाची मुलगी पार्वती उपवर झाली. बापाच्या जिवाला घोर. अशात नारदमुनी आले आणि विष्णूचं स्थळ सांगितलं. केवढं मोठं स्थळ! वैकुंठात घर, कशाची वाण नाही. लक्ष्मी आधीची होती म्हणा, पण ते तेव्हा कुणी फारसं बघत नसे. हिमालयाने आनंदाने शब्द देऊन टाकला. मुलीला विचारलं नाही. आणि मुलीच्या मनात तर आधीपासून शंकर. राख फासणारा, ना घर ना दार. ती रडत बसली. सखीने विचारलं, काय झालं? तिने सांगितलं. आता त्या सखीने काय करावं? "वडील म्हणतात ते भल्यासाठीच" असं ती म्हणाली नाही. "होईल हळूहळू सवय" म्हणाली नाही. "बघते" असंही म्हणाली नाही. तिने मैत्रिणीचा हात धरला आणि तिला घेऊन सरळ घोर अरण्यात गेली. तिथे नदीकाठी पार्वतीने वाळूचं लिंग केलं, दिवसभर उपास केला, रात्रभर जागरण केलं. तो दिवस भाद्रपद शुद्ध तृतीयेचा, हस्त नक्षत्राचा. शंकराचं आसन हललं, तो आला आणि वर देऊन गेला. सकाळी पूजेचं विसर्जन होतंय तोच वडील शोधत शोधत तिथे पोचले. मुलगी म्हणाली, घरी येते, पण माझं लग्न शंकराशीच लावून देणार असाल तर. आणि बाप कबूल झाला.

भविष्योत्तर पुराणातली म्हणून ही कथा सांगतात. नावाचा अर्थही तिच्यातच आहे. "आलि" म्हणजे सखी, "हरिता" म्हणजे हरण केलेली. सखीने पळवून नेलेली ती हरितालिका. बोलता बोलता आपण तिची हरतालिका केली. म्हणजे बघा, या व्रताला नाव मिळालं ते नवऱ्यावरून नाही, उपासावरूनही नाही. मैत्रिणीने जे केलं त्यावरून मिळालं.

आणि त्या मैत्रिणीला आमच्या पोथीत नावसुद्धा नाही. पुढे तिचं काय झालं तेही नाही. पार्वती काय, पोटची पोर, तिला माफ. पण तिला फूस लावून नेणारी? हिमालय तिला काय बोलला असेल? तिचं पुढे लग्न जमलं असेल का? पोथी गप्प आहे. पोथीला त्याऐवजी आपल्याला धाक घालायची घाई. या दिवशी जी बाई खाईल ती वंध्या होईल, विधवा होईल, दारिद्र्य येईल. लहानपणी मी हे ऐकून थुंकीसुद्धा गिळायला घाबरत असे. हा धाक कुणी आणि कधी घातला कोण जाणे. कथेतल्या पार्वतीला कुणी धाकाने उपाशी ठेवलेलं नव्हतं. तेव्हा ज्यांना रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी निर्जळी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पार्वतीचं वयही लक्षात घ्यावं!

आणखी एक गंमत. वटपौर्णिमेची सावित्री आठवा. तिनेही नवरा आपणच शोधला. बापाने रथ दिला आणि सांगितलं, तूच शोध. तिथेही नारदमुनी हजर, हा मुलगा वर्षभरात जाणार म्हणून सांगायला. तरी सावित्री म्हणाली, एकदा वरला तो वरला. आपल्या या दोन मोठ्या व्रतांच्या दोघी नायिका स्वतःच्या मनाने लग्न केलेल्या, आणि व्रत करणाऱ्या आम्ही सगळ्या पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून बाहेर आलेल्या. वडाला सूत गुंडाळताना मी हे एकदा शेजारणीला म्हटलं, तर ती म्हणाली, "हळू बोला, सासूबाई मागेच आहेत."

आता माझं सांगते.

आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत एका वाड्यात होतं. मध्ये फरसबंद चौक, कोपऱ्यात हौद, वर माडी. माझी मैत्रीण माडीवर राहायची. आमची शाळा एक, बाक एक, आणि हरतालिकाही एक. तिच्या आईकडे चौरंग मोठा होता म्हणून साऱ्या वाड्याची पूजा त्यांच्या ओटीवर. आदल्या दिवशी आम्ही दोघी मंडईतून पत्रीचा पुडा आणायचो. सोळा प्रकारची पत्री हवी. बेल, आघाडा, कण्हेर, रुई, धोत्रा, डाळिंब, मरवा, बकुळ, अशोक... पुड्यात निम्मी पानं एकाच झाडाची निघायची, मग काकू आम्हांला नदीकडे पिटाळायच्या. पूजा सकाळी. दिवसभर पाणीसुद्धा नाही. संध्याकाळपासून वाड्यातल्या आणि शेजारच्या पोरीबाळी जमायच्या. झिम्मा, फुगड्या, पिंगा, कोंबडा. पुरुष मंडळींनी त्या रात्री आपापल्या खोलीत निमूट झोपायचं. बारा वाजले की काकू रुईच्या पानाला तूप लावून एकेकीच्या हातावर ठेवायच्या. ते चाटायचं. (पानाचा चीक आधी पुसून काढावा, तो अंगावर किंवा डोळ्यांत जाणं वाईट.) दिवसभराच्या कोरड्या जिभेला ते तूप काय लागायचं म्हणून सांगू!

१९७८ साल. आम्ही दोघी एकोणीस वर्षांच्या. त्या वर्षी जागरणाच्या रात्री ती फुगडीला आली नाही. मी शोधत गेले तर माडीच्या जिन्यात बसलेली. म्हणाली, बाबांनी सोलापूरच्या स्थळाला होकार कळवलाय. मी म्हटलं, अगं मग छानच की! तर रडायलाच लागली. टायपिंगच्या क्लासात एक मुलगा होता. वर्षभर दोघं शेजारच्या मशीनवर बसत होती. बोलणं तरी किती, रिबीन अडकली, कार्बन सरकला, एवढंच. पण ठरलं होतं दोघांचं. जात वेगळी. तिने माझा हात धरला. "तू आमच्या आईशी बोल. माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. तुझं ती ऐकते." खरंच ऐकायच्या काकू माझं. मी म्हटलं, "बघते. उद्या गणपती बसू दे."

हरतालिकेची दुसरी सकाळ म्हणजे चतुर्थी, हे कुणा पुरुषाने ठरवलं असणार. दिवसभर निर्जळी, रात्रभर जागरण आणि पहाटे उठून उकडीचे मोदक! काकूंच्या मदतीला मी गेले. ती अंघोळीला गेली होती, की मुद्दाम गेली होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. चुलीवर आधण, काकूंच्या हातात पिठी. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. माझी छाती धडधडायला लागली. मनात वाक्य तयार होतं. "काकू, तुम्हांला एक विचारायचं होतं," मी म्हटलं. त्या वळल्या. कपाळावर घाम, डोळे लाल, पण चेहरा हसरा. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "उकडीत मीठ किती घालता?"

"चिमूटभर," त्या म्हणाल्या, "आणि आधणात थोडं लोणी सोडावं. पारी फाटत नाही."

मी मान हलवली. वळून पाहिलं तर ती दारात उभी. ओले केस, हातात पंचा. तिने ऐकलं होतं.

पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही. मीही नाही. गणपती गेले, पितृपक्ष आला, दसरा आला आणि मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. रुखवतातलं तुळशीवृंदावन मी केलं होतं, सगळ्यांनी वाखाणलं. मी घाबरले कशाला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. काकू फार तर रागावल्या असत्या. फार तर म्हणाल्या असत्या, तू नको यात पडूस. पण "त्यांच्या पोरीला हिनेच भरवलं" हे वाड्यात पसरलं असतं, माझंही लग्न व्हायचं होतं. एवढाच हिशेब. एकोणिसाव्या वर्षी माणूस फार धीट असतं असं सिनेमात दाखवतात. मी तरी नव्हते.

तुम्ही विचाराल, मग तिचं वाईट झालं का? नाही. माणूस चांगला मिळाला, दोन मुलगे झाले, सगळं चारचौघींसारखं. तिची दिवाळीला पत्रं यायची, पुढे फोन यायला लागले. एकदा भाद्रपदात मी सोलापूरला गेले असताना तिच्या घरची हरतालिका पाहिली. चौरंगावर वाळूची पिंड, पत्री, सगळं होतं. मूर्ती मात्र नव्हत्या. "आमच्याकडे मूर्ती आणत नाहीत," ती म्हणाली. पुष्कळ घरांत नुसत्या पिंडीची पूजा असते, सासरची पद्धत असेल. मी जास्त विचारलं नाही.

एवढी वर्षं हे असंच राहिलं असतं. पण २०२५ च्या हरतालिकेला, म्हणजे २६ ऑगस्टला, माझ्या दादाची मुलगी माझ्याकडे पूजेला आली. वय एकोणतीस. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकली आणि आता हिंजवडीला एका कंपनीत भाषांतराचं काम करते. वहिनींनी तिला उपासाला बसवलेलं, "यंदा तरी जमू दे" म्हणून. आल्या आल्या विचारते, "आत्या, कॉफी चालते ना?" मी म्हटलं, पार्वतीने घेतली नव्हती, पण ती हिंजवडीला जात नव्हती. घे.

रात्री आम्ही दोघीच गॅलरीत बसलो. आता कुठला झिम्मा आणि कुठला पिंगा. फ्लॅटमध्ये फुगडी घातली तर खालचे वर येतील. आमचे हे दहालाच झोपले. मी तिला कहाणी सांगितली, नावाचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "आत्या, असाच एक सण चीनमध्येही आहे. तिकडे छीशी म्हणतात. जपानमध्ये तोच तानाबाता. आमच्या क्लासात आम्ही बांबूच्या फांदीला इच्छा लिहिलेले कागद बांधायचो." आणि तिने ती गोष्ट सांगितली. तुम्हांलाही सांगते, ऐकण्यासारखी आहे.

स्वर्गाच्या राजाची एक मुलगी होती, ढगांची वस्त्रं विणणारी. आणि खाली पृथ्वीवर एक पोरका गुराखी, त्याच्याजवळ एक म्हातारा बैल. बैल बोलणारा. स्वर्गातल्या मुली नदीवर अंघोळीला आल्या तेव्हा बैलाच्या सांगण्यावरून गुराख्याने त्या विणकरणीची वस्त्रं लपवली. (आपल्या कन्हैयाची आठवण झाली ना? मलाही झाली.) ती राहिली त्याच्याजवळ, संसार केला, दोन मुलं झाली. स्वर्गातल्या राणीला कळलं तशी तिने तिला ओढून परत नेलं. गुराखी मुलांना घेऊन मागे धावला. तो आता पोचणार, तेवढ्यात राणीने अंबाड्यातला आकडा काढला आणि आकाशात एक रेघ ओढली. त्या रेघेची नदी झाली. ती म्हणजे आकाशगंगा. एका काठावर ती, दुसऱ्या काठावर तो. पुढे दोघांचं रडणं पाहवेना म्हणून वर्षातून एक रात्र भेटायची परवानगी मिळाली, सातव्या महिन्याच्या सप्तमीला. पण नदी ओलांडायची कशी? तर त्या रात्री साऱ्या जगातले मॅगपाय पक्षी (आपल्या कावळ्याच्याच कुळातले, काळे-पांढरे) वर उडून जातात आणि पंखाला पंख लावून पूल करतात. त्या पुलावरून दोघं भेटतात. त्या रात्री पाऊस आला तर ते त्यांचे अश्रू.

तिकडच्या मुलीही या सणाला नवऱ्यासाठीच मागणं मागायच्या, पण नुसतं नवऱ्यासाठी नाही. ती देवी विणकरीण, म्हणून तिच्याजवळ हातातली कला मागायची. सप्तमीच्या अर्ध्या चंद्राच्या उजेडात सुईत दोरा ओवायचा. जिला जमला तिच्या हाताला गुण. डबीत कोळी ठेवायचा आणि सकाळी त्याने जाळं कसं विणलंय ते बघायचं. हे मला फार आवडलं. आपण आयुष्यभर मागतो ते नवऱ्याचं आयुष्य, पोरांचं शिक्षण. स्वतःच्या हाताला काही मागायचं सुचतच नाही. अलीकडे तिकडे या सणाला फुलं आणि भेटवस्तूंचा बाजार झालाय म्हणे, पण २००६ साली चीन सरकारने त्याला आपल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीतही घातलं.

मी विचारलं, "तारे कुठले गं ते?" ती म्हणाली, "विणकरीण म्हणजे व्हेगा आणि गुराखी म्हणजे अल्टेअर." मी उडालेच. माझ्या वडिलांना आकाशाचा नाद होता. वाड्याच्या गच्चीवर त्यांनी मला हेच दोन तारे दाखवले होते, अभिजित आणि श्रवण. व्हेगा तो आपला अभिजित आणि अल्टेअर तो श्रवण. श्रावणातली पौर्णिमा श्रवण नक्षत्राजवळ होते म्हणून महिन्याचं नाव श्रावण. म्हणजे आपल्या अख्ख्या श्रावणावर त्या गुराख्याचं नाव! आणि अभिजित? महाभारतातल्या वनपर्वात ती बाई आहे, रोहिणीची धाकटी बहीण. थोरलेपण मिळावं म्हणून रुसून तपाला वनात निघून गेली, आणि नक्षत्रांत तिची जागा रिकामी राहिली. वनात जाऊन तप करणारी आणखी एक!

चिनी महिनेही आपल्यासारखे अमावास्येपासून धरतात आणि त्यांच्यातही अधिक महिना असतो. त्यामुळे त्यांचा सातवा महिना बहुतेक वर्षी आपला श्रावणच असतो आणि तो सण आपल्या नागपंचमीच्या एक-दोन दिवस पुढे येतो. आपल्या मुली झोके घेत असतात तेव्हा त्यांच्या सुया ओवत असतात. २०२५ साली मात्र त्यांचा अधिक महिना येऊन तो भाद्रपदात गेला. २९ ऑगस्टला, हरतालिकेनंतर तिसऱ्या दिवशी. त्या रात्री आम्ही मान वर करून तारे शोधले, पण पुण्याचा भाद्रपद, ढगांशिवाय काय दिसणार! त्या दोन ताऱ्यांमधलं अंतर सुमारे पंधरा प्रकाशवर्षं आहे, असं भाचीने मोबाइलवर बघून सांगितलं. उजेडाला पोचायला पंधरा वर्षं लागतात, आणि हे दोघं एका रात्रीत भेटतात.

"आणि त्या पक्ष्यांचं काय होतं माहितीय?" ती म्हणाली. "त्या दिवसांनंतर त्यांच्या डोक्यावरची पिसं झडलेली दिसतात. दोघं पाय ठेवून गेली ना!"

मी हसले. ती हसली नाही. जरा वेळाने म्हणाली, "आत्या, तू बाबांशी बोलशील?"

काय बोलायचं ते मी विचारायच्या आधीच मला कळलं होतं. मुलगा तिच्याच कामातला, माणसं चांगली, धर्म वेगळा. दादाचा स्वभाव मला माहीत. घरात आवाज चढवत नाही, नुसता बोलणं बंद करतो. त्याचं बोलणं बंद होणं काय असतं, ते आम्ही भावंडांनीच पाहिलंय. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, "बघते. उद्या गणपती बसू दे." शपथेवर सांगते, अगदी तेच शब्द. सत्तेचाळीस वर्षांत जीभ काही शिकली नव्हती. बारा वाजून गेले होते. मी उठले, रुईच्या पानाला तूप लावलं, तिला दिलं, मी चाटलं. आणि मग म्हटलं, "सकाळी मोदक करायच्या आधीच जाते. नंतर मला मोदकच सुचतील."

गेले. सहाला रिक्षा केली. दादा दाराला तोरण बांधत होता, स्टुलावर उभा. मला बघून म्हणाला, "तू? आत्ता?" मी त्याला आधी खाली उतरवलं. मग सगळं सांगितलं, एका दमात, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असताना. तो काही बोलला नाही. तोरण हातात घेऊन बसून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" मी म्हटलं, "तिने." तो उठून आत गेला. त्या वर्षी गणपतीला तो आमच्याकडे आला नाही, गौरीजेवणालाही नाही. भाऊबीजेला आला, ओवाळून घेतलं, ताटात पाकीट टाकलं, एक शब्द नाही. थोडी पिसं माझीही गेली.

वहिनींचा मात्र चौथ्या दिवशी फोन आला. आवाज दबका. "ताई, तुम्ही बोललात ते बरं केलंत. मला पोरीने वर्षापूर्वीच सांगितलं होतं. माझा धीर होत नव्हता." मी काय बोलणार! दारात त्या उभ्या होत्या तेव्हा माझ्या आधी त्यांच्याच चेहऱ्यावर सुटल्यासारखं झालं होतं, ते मी पाहिलं होतं. दिवाळीनंतर तो मुलगा एकदा घरी येऊन गेला. दादा त्याच्याशी तासभर क्रिकेटवर बोलला. लग्नाबद्दल नाही, पण बोलला. त्यापुढे अजून काही नाही. होईल की नाही, मला सांगता येत नाही. भाची म्हणते, "आत्या, थांबू. त्या विणकरणीइतकं तर थांबावं लागणार नाही ना!"

चतुर्थीच्या त्या दिवशी दादाकडून परत येऊन मी मोदक केले. उशीर झाला होता, आमच्या ह्यांची बडबड चालू होती, नैवेद्याला दीड वाजला. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर मी सोलापूरला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. भाचीचं, तोरणाचं, दादाचं. जिन्याचं बोलले नाही. ती शांतपणे ऐकत होती. मध्येच "हं" म्हणायची. माझं सांगून झालं तरी ती बोलेना. मला वाटलं, फोन कट झाला. मग तिचा आवाज आला.

"आणि उकडीत मीठ किती घातलंस?"

मला काही बोलताच येईना. पलीकडे ती हसायला लागली, मग खूप वेळ हसत राहिली. जाऊ आली खोलीत, म्हणाली, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेतल्या दोन मूर्ती विसर्जनासाठी बादलीत सोडायला घेतल्या. पार्वती सोडली. सखी पुसून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिली आहे. असं करू नये म्हणतात, पण ठेवली आहे.